एक घर खालचा लाल

आमच्या कारखान्यात मला सगळे कात्री म्हणतात. हातात कात्री असते म्हणून म्हणतात, असं मी नव्या माणसांना सांगते. खरं कारण माझं तोंड आहे, आणि ते त्यांना दुपारच्या चहापर्यंत कळतंच. शर्टावर भरतकाम झालं की मागे लोंबणारी धाग्यांची शेपटं कापायची, पुढून टोकं साफ करायची आणि घडी घालून पुढे सरकवायचं, हे माझं काम. त्याला डोळे लागतात, हात लागतात. तोंड रिकामंच असतं, मग ते बिचारं काय गप्प बसणार आहे?

पण हे माझं पुराण नाही. हे रंगमावशीचं आहे. तिच्याशी जे वागले ना सगळे, ते आठवलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. चांगल्या बाईचा केसाने गळा कापला, आणि वर म्हणे तुझ्या भल्यासाठी!

कारखाना म्हणजे एका जुन्या इमारतीचा वरचा मजला. एका भिंतीशी भरतकामाची मशीनं, मधे माझं लांब टेबल, टोकाला काचेमागे मालकांची केबिन. आणि कोपऱ्यात एक खिडकी, जिच्यातून ऊन आत येत नाही पण उजेड दिवसभर सारखा येतो. त्या खिडकीशी रंगमावशीची खुर्ची. कंपन्या, हॉटेलं, दवाखाने आपल्या माणसांसाठी शर्ट शिवून घेतात आणि खिशावर आपला लोगो भरून घ्यायला आमच्याकडे पाठवतात. कुठल्या शर्टावर कुठल्या रंगाचा धागा चढणार, हे ती ठरवायची.

आता तुम्ही म्हणाल, यात ठरवायचं काय? कागदावर लाल आहे तर लाल लावा. लावा की! पांढऱ्या शर्टावर लावा, मस्त दिसेल. तोच लाल काळ्या शर्टावर लावा, वाळलेल्या रक्ताचा डाग दिसेल. गडद कापड धाग्याचा रंग पिऊन टाकतं. गडद निळ्यावर हिरवा भरला तर तो कुठे गेला म्हणून हुडकत बसावं लागतं. बरं, घाबरून एकदम पांढराशुभ्र लावावा तर तो नुसता डोळ्यांत घुसतो आणि शेजारची अक्षरं मरतात. म्हणून गडद शर्टाला कागदावरच्यापेक्षा उजळ धागा घ्यायचा. किती उजळ, तिथे सगळं अडतं. जरासा जास्त झाला की लालाचा गुलाबी होतो आणि गिऱ्हाईक शर्ट तोंडावर फेकतं.

"पांढऱ्यावर कुणीही रंग लावेल गं," रंगमावशी म्हणायची. "काळा समोर आला की कळतं कोण किती पाण्यात आहे."

रीळ बघून ती कधी निवडायची नाही. रिळावर धागा दाटीने गुंडाळलेला असतो, तिथे तो जास्त गडद दिसतो. ती हातभर धागा ओढायची, त्याच्या तीन-चार पदरांची बट करायची, शर्टावर आडवी ठेवायची आणि खुर्ची मागे ढकलून उभी राहायची. डोळे किलकिले करायची. मग दुसरा धागा. मग पुन्हा पहिला. मालक केबिनमधून मान वर करून बघायचे, पण घाई कर असं म्हणायची छाती नव्हती त्यांची.

आणि धाग्याच्या नंबरांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता. धागा बनवणारे बदलले की नंबर बदलतो, आणि रॅकमधल्या निम्म्या रिळांच्या चिठ्ठ्या निघालेल्या. म्हणून तिने तिची एक पद्धत पाडली होती. गठ्ठ्यातला पहिला शर्ट घ्यायचा, त्याची खालची घडी उलटायची आणि आतल्या बाजूला हातसुईने निवडलेल्या प्रत्येक धाग्याचे चार टाके घालायचे. याला आम्ही खूण म्हणायचो. मशीनवालीने खूण बघायची, रॅकमधून तशी रिळं काढायची आणि मशीनला लावायची. शर्ट भरून झाला की खूण उसवून टाकायची. खूण म्हणजे रंगमावशीचा शब्द. त्यावर पुन्हा प्रश्न नाही.

मशीनवाली म्हणजे तिची लेक.

मी आणि रंगमावशी एकाच वेळी कामाला लागलो, या एकाच टेबलावर धागे कापायला. तेव्हा लेक एवढीशी होती. नवरा नुकताच गेला होता. गेला म्हणजे वारला नाही, गेला. मला कामावर मुक्काम आहे, मला कामावर मुक्काम आहे, असं सांगत सांगत त्याने दुसरीकडे घर केलं होतं, आणि हिला ते वाण्याच्या दुकानात उभं असताना कळलं. रडली नाही ती. पोरीला कडेवर घेऊन कामावर यायला लागली. पोर टेबलाखाली पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून आम्ही टाकलेल्या धाग्यांचे गोळे करायची. घरी या दोघीच. रंगमावशी तिला एकच गोष्ट परत परत सांगायची, "आपण दोघीच आहोत. आपल्यात खोटं नको. भांडण चालेल, खोटं नको." पोरीने शाळेत काही फोडलं, सांडलं, तरी संध्याकाळी येऊन स्वतः सांगायची. मी म्हणायचे, "अगं, तुझी पोर आहे का पोलीस?" त्यावर ती हसायची. सुंदर हसायची ती.

पुढे एकदा टेबलावरूनच तिने जुन्या मालकांना सांगितलं की या काळ्यावर हा पिवळा हिरवट दिसेल. तो दिसला. दोन-तीनदा असं झालं आणि खुर्ची खिडकीशी गेली. जुने मालक गेले, त्यांचा मुलगा बसला, खुर्ची तिथेच राहिली. गिऱ्हाईकं आल्या आल्या विचारायची, "मावशी आहेत ना?" लेक मोठी होऊन मशीनवर बसली. सुई तुटली तर डोळ्याचं पातं लवायच्या आत बदलते ती. रंगमावशी सगळ्यांना सांगायची, "मी सांगते आणि ती करते. आम्ही दोघी मिळून एक माणूस आहोत."

मग तिचं दिसणं बिघडायला लागलं. तिला ते कळलं नाही, आणि मला कळलं तर मी थट्टा केली. एक दिवस म्हणते कशी, "मालकांना सांगून भिंतींना रंग काढून घ्यायला हवा, किती पिवळ्या पडल्यात." मी म्हटलं, "बाई गं, महिन्यापूर्वीच काढलाय! तू त्या दिवशी वासाने शिंकत होतीस." पॅकिंगवाला पोट धरून हसला. ती पण हसली, पण परत एकदा भिंतीकडे बघून घेतलं तिने.

आणि त्याच सुमारास ते सुरू झालं. शर्ट भरून आला की ती उचलून खिडकीशी न्यायची आणि तिचा चेहरा उतरायचा.

"बुडालाय गं हा. मी हा दिला नव्हता."

"आई, तूच दिलायस," लेक मशीनवरून म्हणायची.

"मी याच्यापेक्षा उजळ दिला होता. मला चांगलं आठवतंय."

"भरल्यावर रंग गडद दिसतो. तूच शिकवलंस ना मला?"

"खूण कुठाय?"

"उसवली की. नेहमीसारखीच."

रंगमावशी शर्ट हातात घेऊन उभी राहायची. मग आमच्याकडे बघायची. डिझाइनवाला त्याच्या कॉम्प्युटरमध्ये डोकं घालायचा. पॅकिंगवाला खोक्याला चिकटपट्टी लावत बसायचा. मला वाटायचं, बाईची पंचाईत होतेय म्हणून भले लोक नजर चुकवतायत. डोंबल भले! गिऱ्हाईकाला शर्ट आवडायचे, परत काही यायचं नाही. मग रंगमावशी म्हणायची, "असेल बाई. माझंच चुकत असेल." आणि शर्ट घडी घालून ठेवायची.

वर्षभर हे असं चाललं. आधी ती भांडायची, मग नुसती विचारायची, मग विचारायची पण बंद झाली. एक दिवस संध्याकाळी जिन्यात मला थांबवलं. लेक पुढे खाली उतरून गेली होती. रंगमावशीने माझा हात धरला.

"कुणाला सांगणार नाहीस ना?"

"माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे ठाऊक असून विचारतेस?"

"तरी विचारते." ती कठड्याला टेकली. "डोळ्यांची नाही गं मला भीती. डोळे डॉक्टर कापून नीट करतात. पण मला आठवतं एक आणि पुढे येतं दुसरं. मी अमुक रंग दिला हे मला अगदी लख्ख आठवतं, आणि लेक सांगते, नाही, हा दिलास. ती कशाला खोटं बोलेल? म्हणजे माझ्याच डोक्यात बिघडतंय. माझ्या आईचं असंच झालं होतं. आधी किल्ल्या विसरायची, मग माणसं. शेवटी मलाच विचारायची, तू कुणाची?"

मी म्हटलं, "काहीतरी बोलू नकोस. आधी डोळे दाखव." आणि हो, ही गोष्ट मी कुणाजवळ काढली नाही. आयुष्यात एक गोष्ट पोटात ठेवली, तीही नेमकी ही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्हीकडे मोतीबिंदू, चांगला पिकलाय. आधी एक डोळा करू, मग दुसरा. लेकीने सगळं केलं, तसं नाही म्हणणार मी. दवाखान्यात बसून राहिली, थेंब घातले, पट्टी स्वतःच्या हाताने काढली. पट्टी काढल्यावर रंगमावशी तिच्याकडे बघत बसली आणि म्हणाली, "अगं, तुझ्या कपाळावर ही आठी कधी पडली?"

कामावर परत आली तो दिवस काय सांगू तुम्हाला! जिना चढून वर आली आणि दारातच उभी राहिली. "भिंती पांढऱ्या आहेत गं!" मग माझ्या टेबलावरचा गठ्ठा बघून, "हे काळे नाहीत, हे निळे आहेत! असले शर्ट मी इतके दिवस काळे समजत होते." मशीनवर चढलेल्या रिळांवरून बोट फिरवत गेली, एकेक रंग मोठ्याने म्हणत, पहिलीतल्या मुलीगत. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "डोळेच होते गं. डोकं नव्हतं." मी म्हटलं, "डोकं होतंच कधी तुला?" आणि दोघी इतक्या हसलो की मालक बाहेर आले.

त्याच आठवड्यात सामान वाहून नेणाऱ्या एका कंपनीचे शर्ट आले. गडद निळे, अगदी काळ्याच्या सीमेवरचे. खिशावर लाल पक्षी, त्याच्या पंखांना बारीक राखाडी रेघा. ढीगभर शर्ट, आणि गिऱ्हाईक घाईला आलेलं. रंगमावशीने अर्धी सकाळ त्या पक्ष्याला दिली. एक लाल ठेवला, उचलला. दुसरा ठेवला. शेवटी नारिंगीकडे किंचित झुकणारा लाल घेतला आणि राखाडीत चांदीचा भास असलेला एक. मला बोलावून दाखवलं. खरं सांगते, नुसते धागे ठेवले होते कापडावर, तरी मला पक्षी दिसला. तिने पहिल्या शर्टाच्या घडीत खूण घातली आणि लेकीच्या हातात शर्ट दिला. दुपारून तिला डोळा दाखवायला जायचं होतं, ती गेली. आधीचं काम संपायला उशीर झाला, मशीन संध्याकाळी लागलं. पहिला नमुना मालकांनी ट्यूबलाइटखाली बघून पास केला, आणि उरलेले शर्ट धडाधड निघाले.

सकाळी माझ्या टेबलावर डोंगर होता. मी बसले, कात्री घेतली, एक शर्ट साफ केला, दुसरा केला. तिसऱ्याला थांबले. पक्षी कुठाय? लाल होता, पण विझलेला. पंखांच्या रेघा तर बोटाने चाचपल्या तेव्हा सापडल्या. मला वाटलं, भरल्यावर बुडाला, नवा डोळा अजून बसला नसेल बाईचा. वाईट वाटलं मला. तेवढ्यात हातात पहिला शर्ट आला. आपोआप कळलं, कारण खालच्या घडीत टाके होते. घाईत लेक उसवायला विसरली होती.

घडी उलटली आणि बघतच राहिले. घडीत कालचा लाल, कालचा राखाडी, जसेच्या तसे. खिशावर दुसरेच.

माझं तोंड म्हणजे तुम्हाला सांगितलंच आहे. मी तिथूनच ओरडले, "अगं ए रंगमावशी, इकडे ये! ही तुझी खूण बघ, आणि हा पक्षी बघ! कुणी लावले हे धागे?"

सगळी मशीनं चालू होती, तरी सगळ्यांना ऐकू गेलं. रंगमावशी आली, शर्ट घेतला, खिडकीशी नेला. लेक मशीन बंद करून तिच्या मागे गेली.

"बुडालाय," रंगमावशी म्हणाली. "हा मी दिला नव्हता."

"आई, तूच दिला…"

वाक्य तिच्या तोंडून सवयीने निघालं, आणि अर्ध्यावर अडकलं. कारण रंगमावशीने शर्टाची खालची घडी वर उचलून खिशाला लावली होती. तिचे चार टाके पक्ष्याच्या शेजारी येऊन बसले. आता लहान पोराने पण सांगितलं असतं की हे दोन लाल वेगळे आहेत.

"आज चुकून झालं?" रंगमावशीने विचारलं.

लेकीने घडी खाली करायला हात पुढे केला, आईने ती सोडली नाही.

"कधीपासून?"

मी पॅकिंगवाल्याकडे बघितलं, तो चिकटपट्टी शोधायला लागला. डिझाइनवाला उठून पाणी प्यायला गेला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सगळ्यांना माहीत होतं! अळीमिळी गुपचिळी करून सगळे बसले होते, आणि उल्लू होतो आम्ही दोघी.

मालक बाहेर आले. मऊ आवाजात बोलायला लागले, माणूस उपकार सांगताना बोलतो तसे. "मावशी, तुमच्यासाठीच केलं हे. त्या हॉटेलचे काळे शर्ट परत आले होते, आठवतं? नाही, तुम्हाला सांगितलंच नव्हतं. लालाचा पार गुलाबी झाला होता. तुम्हाला कमी दिसायला लागलं होतं, म्हणून तुम्ही जास्तच उजळ धागा देत होता. दुसऱ्या कुणी असत्या तर मी तेव्हाच घरी बसवलं असतं. मी आणि हिने धाग्याच्या छटांचं शेड कार्ड समोर घेऊन बघितलं. कार्डावर वर फिके, खाली गडद. तुम्ही दिलेल्याच्या एक घर खालचा लावला की बरोबर बसत होता. मग तेच ठरवलं. तुमची खुर्ची राहिली, गिऱ्हाईकं राहिली, कुणाचं काही बिघडलं नाही."

"आणि आता डोळा झाल्यावर?"

"दुसरा राहिलाय ना अजून. एवढी मोठी ऑर्डर, म्हटलं उगाच धोका नको."

रंगमावशीने त्यांच्याकडे बघितलंच नाही. लेकीकडे बघत होती. "पट्टी तू काढलीस. माझा डोळा कसा झालाय ते तुला माहीत होतं. एकदा माझा धागा उचलून कापडावर ठेवून बघितला असतास?"

"मालक म्हणाले, तसंच चालू ठेव," लेक म्हणाली. "आणि हाताला सवय झाली होती गं. खूण बघायची, एक घर खाली जायचं. मी रंग बघतच नव्हते. तुझी खुर्ची जाऊ नये म्हणून केलं मी हे, आई. खिडकीवाचून तू जगली नसतीस."

"माझा लाल चुकला, हे मला सांगायचं होतंस." रंगमावशी ओरडली नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरकडे गेले असते. खुर्ची सोडून कात्रीच्या शेजारी बसले असते, पहिल्यासारखी. मला काय टेबल नवीन आहे? पण मी तुला विचारत होते. रोज विचारत होते, हा मी दिला का? आणि तू माझ्या तोंडावर सांगत होतीस, तूच दिलास. अगं, मला बरोबर दिसत होतं! एवढ्या धुरकट डोळ्यांनी पण मला कळत होतं की हा धागा माझा नाही. मी माझे डोळे खोटे पाडले. माझं डोकं फिरलं म्हणून मनात ठरवून टाकलं. रात्र रात्र तुझं नाव पुटपुटत पडायचे मी, उद्या विसरले तर म्हणून. आणि का? तर तू सांगतेस म्हणून. आपल्यात खोटं नाही म्हणून."

लेक हुंदके द्यायला लागली. "मला कुठे माहीत होतं तुला असं वाटतंय?"

"तुझ्या बापालाही माहीत नव्हतं मला काय वाटतं," रंगमावशी म्हणाली, आणि शर्ट खुर्चीवर ठेवून माझ्या टेबलाशी आली.

मी पॅकिंगवाल्याला गाठला. म्हटलं, "मेल्या, रोज माझ्या डब्यातलं खातोस आणि हे मला सांगितलं नाहीस?" तर म्हणतो, "तुला सांगितलं असतं तर खिडकीपर्यंत पोचायला कितीसा वेळ लागला असता?" हो, नसताच लागला! त्यासाठीच तर सांगायचं असतं. माझं तोंड फाटकं असेल, पण त्यातून अशी फसवणूक कधी बाहेर पडली नाही.

पक्षी उसवावे लागले. भरतकाम उसवणं म्हणजे नाकी नऊ येतात. मागून ब्लेडने टाके खरवडायचे, पुढून चिमट्याने ओढायचे, आणि गडद कापडावर सुईची भोकं तशीच राहतात. रंगमावशी माझ्या शेजारी बसून उसवत होती. मालक येऊन म्हणाले, "मावशी, हे तुमचं काम नाही. खिडकी तुमचीच आहे." तिने मान वर न करता विचारलं, "माझी होती तर वर्षभर तिथे कोण बसलं होतं?" ते केबिनमध्ये परत गेले. त्यानंतर ती खिडकीकडे गेलीच नाही. संध्याकाळी दोघी मायलेकी बरोबरच घरी जायच्या. रस्ता ओलांडताना लेक जुन्या सवयीने कोपर पुढे करायची. रंगमावशी दोन्ही बाजूंना नीट बघायची आणि एकटी ओलांडायची.

मग एका दवाखान्याचे काळे शर्ट आले. काळे म्हणजे कुळकुळीत. त्यावर लाल थेंब आणि खाली दोन ओळी. मालकांनी लेकीला खिडकीशी बसवलं. मी इकडून बघत होते. तिने कागद ठेवला, लाल रिळं काढली, धागे ओढले. एक ठेवला, उचलला, दुसरा ठेवला. परत पहिला. आईसारखे डोळे किलकिले करून बघितले. मग शेड कार्ड उघडलं आणि त्यावर बोट ठेवून तशीच बसली. एक घर खाली जायचं तिला पाठ होतं. कुठून खाली जायचं, ते सांगणारं आता कुणी नव्हतं.

दुपारी ती आमच्या टेबलाशी आली. हातावर काळा शर्ट, त्यावर दोन लाल धागे. डोळे सुजलेले. मलाच कीव आली, काय खोटं बोलू.

"आई," ती म्हणाली, "यातला कुठला?"

रंगमावशीने कात्री खाली ठेवली. शर्ट हातात घेतला, खिडकीकडे वळवला आणि बराच वेळ बघितला. तिच्या नजरेवरून मला कळलं की तिला कळलंय. नारिंगीकडे झुकणारा धागा तिने बोटाने सरळ केला, दुसरा पण सरळ केला. मग शर्ट लेकीच्या हातावर परत ठेवला.

"कुठलाही लाव," ती म्हणाली. "मी नंतर विचारलं तर सांग, आई, तूच दिलायस."

रंगमावशीने पुढचा शर्ट ओढला, उलटा केला आणि मागचे धागे कापायला लागली.